गुर्जींची नजर आणि ठेसनावरची टाकी

कमलनगरच्या बसस्टँडवर एक गोष्ट कुजबुजली जायची. संकर्षण गुर्जींनी ज्याचा फोटो काढला, ते वर्षाच्या आत आडवं होतं. बुरूज असो, वेस असो, बारवेची कमान असो. गुर्जी डावा डोळा मिटतात, उजवा कॅमेऱ्याला लावतात, बोटानं खटका दाबतात आणि त्याच क्षणी दगडाच्या पोटात भेग जाते. ती वरून दिसत नाही, आतल्या आत वाढत राहते. हे सांगताना लोक आवाज खाली आणत. म्हणजे पलीकडच्या बाकावर भालकीच्या बसची वाट बघत बसलेल्या गुर्जींना जेमतेम ऐकू जाईल, इतकाच खाली.

गुर्जी मराठी शाळेत चित्रकला शिकवायचे. जन्मभर पोरांकडून एक माठ आणि त्याच्याशेजारी दोन केळी काढून घेतली. निवृत्त झाल्यावर बाकीचे मास्तर प्लॉट बघतात, गुडघ्याला तेल चोळतात. गुर्जींनी कॅमेरा घेतला. त्याला बायकोनं, नलिनीबाईंनी, जुन्या सतरंजीची पिशवी शिवून दिली. ती बगलेत घट्ट धरून गुर्जी निघाले, की लांबून वाटायचं, माणूस कोंबडी लपवून चाललाय. वैष्णव ब्राह्मणाच्या बगलेत कोंबडी, ही कल्पनाच गावाला इतकी आवडली, की पुढं कितीतरी दिवस हॉटेलातून हाक यायची, "गुर्जी, अंडी द्यायलीय का न्हाई?" गुर्जी हसायचे. त्यांना वाटायचं, लोक प्रेमानं विचारतात.

फोटो कशाचे, तर जे पडायला आलंय त्याचे. पडक्या वेशी, शेतातले वीरगळ, निजामाच्या वेळचा करोडगिरीचा नाका, म्हणजे जकात घ्यायची चौकी, रेल्वेच्या जुन्या सिग्नलांचे गंजलेले हात. रुळाच्या कडेला विलायती कारखान्याचं नाव उमटलेलं असतं, ते टिपायला हा माणूस खडीवर पोटावर झोपायचा. शेणातसुद्धा झोपायचा. एकदा एका वाडीत असे पालथे पडलेले असताना एका बाईनं घाबरून त्यांच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं होतं. ते कॅमेऱ्यातही गेलं. कॅमेरा आठवडाभर तांदळाच्या डब्यात होता आणि नलिनीबाई त्याच डब्यातला तांदूळ शिजवत होत्या.

पहिला गेला खजुरीकडच्या एका वाडीतला गढीचा बुरूज. गुर्जींनी फोटो काढला आणि पुढच्या उन्हाळ्यात बुरूज गेला. मग मादन हिप्परग्याच्या पलीकडच्या वस्तीवरची बारवेची कमान. मग तो नाका. तिसऱ्या खेपेला लोकांनी दोन आणि दोन जोडले, आणि आपल्याकडं लोकांना बेरीज करायला फार आवडतं. गुर्जी एखाद्या गावात येऊन गेले, की दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणायचं, भिंत वाकायलीय. तिसऱ्या दिवशी ती सगळ्यांनाच वाकलेली दिसायची. पोरंबाळं खालून जातात, कुणाच्या डोक्यात बसली म्हणजे? त्यापेक्षा आपणच पाडलेली बरी. मग धनराजला निरोप जायचा.

धनराज शेतकऱ्याच्या घरचा, आधी ट्रॅक्टर होता, नंतर जेसीबी घेतला. सासुरवाडी मादन हिप्परग्याची, त्यामुळं बिदर काय नि आळंद काय, दोन्हीकडं त्याचा वावर. गुर्जींचाच विद्यार्थी, आणि चित्रकलेत नापास. त्याच्या माठाला बूड नव्हतं, असं गुर्जी अजून सांगतात. पण गुर्जींचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा माणूस अख्ख्या तालुक्यात हाच एक. तो त्यांना आपल्या जीपमधून न्यायचा, स्टँड धरायचा, उन्हात छत्री धरायचा. "गुर्जी, हिप्परग्याकडं एक कमान बघितली. तुमच्यासारख्यानं बघावी अशी हाय," असा फोन आला, की गुर्जी हातातला घास ताटात ठेवून उठायचे. नलिनीबाई म्हणायच्या, पोटच्या पोरीचा फोन आला तर एवढे लगबगीनं उठत नाहीत.

एकदा नजर लागते म्हटल्यावर नजरेला गिऱ्हाईकं आली. आडतवाले चनमल्लप्पा हे देवमाणूस, कपाळावर विभूती ठसठशीत. त्यांनी गुर्जींना घरी जेवायला बोलावलं. शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, वर तुपाची धार. जेवण झाल्यावर गुर्जींना हाताला धरून गच्चीवर नेलं आणि शेजारच्या स्लॅबच्या नव्या घराकडं बोट केलं. ते त्यांच्या सावत्र भावाचं.

"ह्याचा एक काढा अण्णा," चनमल्लप्पा म्हणाले. "जरा जवळ घेऊन काढा."

गुर्जींना आधी कळलंच नाही. हे घर नवं आहे, यात जुनं काय, असं त्यांनी भाबडेपणानं विचारलं. चनमल्लप्पांनी नुसतं डोळ्यांकडं बघितलं. मग कळलं. पिशवी बगलेत घट्ट धरून गुर्जी जिना उतरले. ही हकीकत चनमल्लप्पांनी स्वतः चारचौघांत सांगितली, आणि शेवटी हेही सांगितलं, की वाया गेलं ते तूप.

गौरम्मा नावाची एक म्हातारी अंथरुणाला खिळलेली होती. तिच्या सुनेनं गुर्जींना फार नम्रपणे बोलावलं. आत्याबाईंचा एक चांगला फोटो असावा, म्हणाली, पुढंमागं भिंतीवर लावायला. गुर्जींनी मन लावून काढला. म्हातारी दुसऱ्या महिन्यात उठून बसली, आता काठी टेकत मारुतीला जाते आणि सुनेला दोन्ही वेळा शिव्या देते. ती सून गुर्जींना अजून ओळख देत नाही. नजर फसली त्याची बेरीज मात्र कुणी केली नाही.

सुरुवातीला गुर्जी समजावून सांगायचे. चुन्यात पिंपळाची मुळं शिरली की दगड सुटतात, त्याला कॅमेरा काय करणार? लोक मान डोलवायचे आणि आपल्या म्हाताऱ्यांना आत घेऊन जायचे. गुर्जी डगमगले नाहीत. डगमगले ते घरात.

लेक विनीता हैदराबादला असते. तिला मुलगी झाली. बारशाला गुर्जी सतरंजीची पिशवी घेऊन गेले. आदल्या आठवड्यात लेन्स तीनदा पुसली होती. पाळणा सजला, बायका जमल्या, गुर्जींनी पिशवीची गाठ सोडली. विनीता लगेच पुढं आली.

"अप्पा, फोटोग्राफर सांगितलाय आम्ही. तुम्ही निवांत बसा."

"तो काढेल की. मी आपला एखादा..."

"नको ना अप्पा."

ती नलिनीबाईंकडं बघत होती, आणि नलिनीबाई जमिनीकडं. आठ दिवस आधी फोनवर पोरीला सांगून ठेवलं होतं ते त्यांनीच. गुर्जींनी गाठ पुन्हा बांधली. सगळा समारंभ पिशवी मांडीवर घेऊन बसले. जेवायच्या वेळी एका बाईनं विचारलंही, यात काय आहे हो? गुर्जी म्हणाले, काही नाही. रात्रीच्या गाडीत नलिनीबाई समजूत काढू लागल्या, की आपला विश्वास नाही हो, पण लहान जीव आहे, उगीच कशाला... गुर्जी खिडकीबाहेर बघत होते. ज्या बाईनं कॅमेऱ्यातलं पाणी मुरलेल्या तांदळाचा भात बिनतक्रार खाल्ला, तिलाही भीती वाटते म्हणजे काहीतरी असलंच पाहिजे, एवढा हिशेब त्यांनी तिथं केला. त्या दिवसापासून गुर्जी आपल्या उजव्या डोळ्याला भिऊ लागले.

आता टाकीचं सांगतो, कारण गुर्जींचा जीव होता तो टाकीत.

कमलनगरच्या पुढं एक जुनं ठेसन आहे, आता गाडी थांबत नाही. तिथं वाफेच्या इंजिनांना पाणी पाजायची टाकी होती. खाली काळ्या घडीव दगडाचा चौकोनी बुरूज, वर लोखंडी टाकी. गुर्जींचे वडील गुरुराजराव त्या ठेसनात बुकिंग क्लार्क होते, आणि गुर्जी जन्मले ते टाकीच्या सावलीतल्या क्वार्टरमध्ये. आईनं त्यांना पहिली आंघोळ घातली ती याच टाकीच्या पाण्यानं. इंजिन येऊन टाकीखाली मान घालायचं, पाणी पडायचा आवाज व्हायचा आणि अंगावर तुषार उडायचे, हे गुर्जी सांगू लागले की चहा गार होईपर्यंत सांगायचे. दोन जिल्ह्यांतला प्रत्येक धोंडा टिपला या माणसानं, पण टाकीचा एकही फोटो नव्हता. आधी म्हणायचे, ऊन मनासारखं मिळत नाही. सगळ्यात आवडता पदार्थ ताटात शेवटपर्यंत ठेवणारी माणसं असतात, त्यातले ते. बारशानंतर कारण बदललं. आता तिच्याकडं नुसतं बघायचं झालं तरी चष्मा काढून बघायचे, म्हणजे नीट दिसू नये.

त्या क्वार्टरमध्ये आता ग्यानबा राहायचा, रेल्वेचा जुना गँगमन, आणि त्याची बायको नागूबाई. घराचा कागद काही नव्हता, पण कुणी उठ म्हणालं नव्हतं. गुर्जी येताना दिसले की ग्यानबा आधी पिशवी बघायचा. पिशवी नसली तरच बसायला पोतं टाकायचा.

मग नव्या लाईनच्या मोजमापाला रेल्वेचे एक साहेब आले. टाकी आड येत होती. गुर्जी धावत गेले, हात जोडले. साहेब तसे बरे. म्हणाले, लाईन थोडी सरकवून घेता येईल, पण माझ्या एकट्याच्या म्हणण्यानं होत नाही. अर्ज लिहा, टाकीचे चारी बाजूंनी फोटो लावा, काम सुरू व्हायच्या आत माझ्याकडं पोचवा. वर पाठवतो. साहेबांच्या खिशात स्वतःचा मोबाईल होता, टाकी समोर उभी होती, आणि तरी अर्जदारानंच फोटो लावायचा असतो. हे सरकारी काम असल्यामुळं यात कुणाला नवल वाटलं नाही.

बघा आता गुर्जींची गंमत. फोटो काढला नाही तर टाकी जाणार. काढला तर नजर लागून जाणार. चार दिवस ते जेवले नाहीत. पाचव्या दिवशी पिशवी घेऊन निघाले, धनराजच्या जीपमधून. टाकीसमोर उभे राहिले, डावा डोळा मिटला. तेवढ्यात नागूबाई दारातून बाहेर आली आणि लेन्ससमोर पदर पसरून उभी राहिली.

"गुर्जी, पाया पडते. आमी ह्येच्या बुडाला निजताव. आमच्या अंगावर पाडू नगासा."

ग्यानबानं खाली वाकून एक दगड उचलला होता. मारला नाही. हातात नुसता धरून होता.

गुर्जींनी डावा डोळा उघडला. त्यांनी कॅमेरा गळ्यातून काढला आणि धनराजच्या गळ्यात घातला.

"तू काढ. तुझी नजर स्वच्छ आहे."

धनराजनं आधी आढेवेढे घेतले. म्या तर नापास माणूस, म्हणाला. गुर्जींनी त्याचा हात धरून कुठं उभं राहायचं, कुठं बोट दाबायचं ते शिकवलं आणि स्वतः टाकीकडं पाठ करून रुळावर बसले, डोळे गच्च मिटून. खटक्याचे आवाज मोजत होते. चारही बाजू झाल्यावर धनराज म्हणाला, "कामून भ्यायलाव गुर्जी? झालं बगा. कार्ड आन अर्ज द्या माझ्याकडं. उद्याच बिदरला जायलोय, फोटू छापून सायबाच्या हातात देतो." गुर्जींनी दोन्ही दिलं. परत येताना, कितीतरी दिवसांनी, ते जीपमध्ये गुणगुणत होते. घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या. नलिनीबाईंनी दुसऱ्या दिवशी शेजारणींना आवर्जून सांगितलं, आमच्यांनी जेवण केलं.

टाकी श्रावणात पाडली. पाडायचं काम धनराजला मिळालं, जवळपास दुसरा जेसीबी नव्हताच. आदल्या दिवशी त्यानं गुर्जींच्या घरी येऊन डोळ्याला रुमाल लावला. फोटू देऊन पण ऐकलं न्हाई गुर्जी, म्हणाला, म्या न्हाई पाडली तर दुसरा कोन तरी येऊन फोडून टाकील, म्या निदान दगूड जपून काढतो. गुर्जींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

पाडताना बघायला चार गावची माणसं आली. कुणी भज्यांचा गाडा लावला. ग्यानबा आणि नागूबाईची भांडी, पेटी, बाज रुळाशेजारी मांडलेली होती, कारण टाकीबरोबर क्वार्टरही गेलं. लोखंडी टाकी खाली आली तेव्हा इतका आवाज झाला, की भजी तळणाऱ्याच्या हातातला झारा पडला. गुर्जी लांब उभे होते. ग्यानबा त्यांच्याकडं सगळ्यांच्या देखत चालत गेला.

"तुमी फोटू काढला न्हाईत, खरं हाय," तो म्हणाला. "पर कॅमेरा तर तुमचाच व्हता की गुर्जी."

कुणीतरी मागून हसलं. मग दोघं-तिघं हसले. गुर्जींनी मान हलवली. त्यांना ते पटलं.

घरी नलिनीबाई म्हणाल्या, साहेबांना एकदा फोन करून विचारा तरी, अर्जाचं काय झालं. नंबर होता, भिंतीवर खडूनं लिहिलेला. गुर्जी म्हणाले, कशाला विचारायचं, कारण मला माहीत आहे. त्यांनी ओल्या फडक्यानं तो नंबर पुसला. कॅमेरा पिशवीसकट ट्रंकेत गेला. त्या ट्रंकेवर आता नलिनीबाई पापड वाळत घालतात. विनीताची मुलगी सुट्टीला आली, की गुर्जी तिच्याशी बोलताना खाली बघतात. पोरगी लहान आहे, तिला वाटतं, आजोबांचं काहीतरी हरवलंय, आणि तीही खाली वाकून शोधू लागते. ग्यानबा नागूबाईला घेऊन मेहुण्याच्या गावी गेला. नंतर कळलं, की पहिल्या थंडीतच तो तिथं वारला. गुर्जींना हे सांगायला बसस्टँडवरचे दोघं मुद्दाम घरापर्यंत आले होते. चहा पिऊन गेले.

पुढच्या वर्षी धनराजनं भालकी रोडला फार्महाऊस बांधलं. वास्तुशांतीचं आमंत्रण गुर्जींना सगळ्यात आधी, घरी येऊन, जोडीनं. गुर्जी आणि नलिनीबाई जीपमधून उतरले आणि गुर्जी गेटापाशीच थांबले. कमान बारवेची होती. दोन खांब नाक्याचे. कंपाऊंडची भिंत गढीच्या बुरुजाची. आणि आत, घरापुढच्या ओट्याला, टाकीचा काळा दगड. बाकीचा माल हैदराबादेच्या एका बंगलेवाल्याला गेला, असं तिथं जेवणारे बोलत होते, पण गुर्जींना ते ऐकू गेलं नसावं. ते ओट्यावर वाकले होते. दगडाच्या एका कोपऱ्याला पाण्याच्या धारेनं पडलेली खोलगट झीज होती, तिच्यावरून अंगठा फिरवत होते.

"वाचवलंस रे," ते धनराजला म्हणाले. "सगळं वाचवलंस. मी घालवलं आणि तू वाचवलंस."

आणि त्यांनी, वयानं बापासारख्या माणसानं, धनराजच्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला. धनराजची बायको रेणुका वाढता वाढता थबकली आणि आत निघून गेली.

पंगतीतून कुणीतरी ओरडलं, गुर्जी, गेटाचा एक फोटू होऊन जाऊ द्या की. मांडव हसला. वाढपी हसले. धनराजही हसला, पण त्यानं तोंडावर हात धरला. गुर्जींनी दोन्ही हात जोडले, नको नको म्हणाले आणि धनराजला बाजूला घेऊन सांगितलं, की गेटाला एक काळी बाहुली बांध, आजच बांध, माझ्यासारखे येत-जात असतात. निघताना त्यांनी नलिनीबाईंना हात धरायला सांगितलं, डोळे मिटले, आणि आंधळ्यासारखे चाचपडत त्या कमानीखालून बाहेर पडले. गेटापासून पार रस्त्यापर्यंत उघडले नाहीत.

ती बाहुली अजून तिथं आहे. आणि खरं काय ते, धनराजनंच सांगितलं, हुरड्याच्या दिवसांत, पोट भरल्यावर, आगटीशेजारी पाय पसरून.

गुर्जींच्या नजरेत काही नव्हतं. ती अफवा धनराजनं उठवली होती. ज्या गावातला दगड त्याला पाहिजे असायचा, तिथं तो आधी गुर्जींना फोटो काढायला न्यायचा, मग नजर लागल्याची बातमी सोडायचा, आणि गाव घाबरलं की जेसीबी घेऊन जायचा. टाकीचे फोटो आणि अर्ज त्यानं साहेबांना दिलेच नाहीत. अर्ज फाडला. फोटो त्यानं हैदराबादेच्या बंगलेवाल्याला पाठवले, दगड कसा आहे ते दाखवायला.